आपल्या गल्लीतलं वीजकेंद्र

वीजकेंद्र म्हटलं की वऱ्हाडात पारस आठवतं, नाहीतर अमरावतीजवळचं नांदगाव पेठ. दोन्ही कोळशावर चालतात. (तेल तिथंही लागतं, थंड बॉयलर आधी तेलाच्या बर्नरनं तापवतात, मग कोळसा.) तेलावरची छोटी वीजकेंद्रं मात्र आपणच चालवतो. शादीखान्यामागं, मशिदीच्या जिन्याखाली धडधडणारा जनरेटर दुसरं काय आहे?

सिलिंडरमध्ये हवा इतकी दाबली जाते की तिच्या उष्णतेनंच डिझेलचा फवारा पेटतो, ठिणगी लागत नाही. पिस्टन शाफ्ट फिरवतो, बहुधा मिनिटाला 1500 फेरे. त्याला जोडलेल्या अल्टरनेटरमध्ये चुंबक तांब्याच्या वेटोळ्यांमध्ये फिरतो आणि 50 हर्ट्झची वीज तयार होते. लिटरभर डिझेलमध्ये साधारण 10 युनिट ऊर्जा असते, हाती येतात जेमतेम तीन-साडेतीन. बाकीची धुरात आणि उष्णतेत जाते. डिझेल 90 रुपये लिटर धरलं तर युनिट 25 ते 30 रुपयांना पडतं. चार पंख्यांसाठी मोठा सेट चालवला तर आणखी महाग. हा चंद्याचा पैसा आहे.

पण मला पैशापेक्षा जास्त खुपते ती बोर्डात सरळ खोचलेली जनरेटरची वायर. अकोल्यात पाहिली, अमरावतीतही पाहिली. मेन स्विच बंद करायला कुणी विसरलं, तर वीज उलटी लाइनवर जाऊ शकते. जो ट्रान्सफॉर्मर 11,000 व्होल्ट उतरवून आपल्याला देतो, तोच उलट्या दिशेनं पुन्हा 11,000 करतो. तेव्हा खांबावर जो लाइनमन असतो, तो आपलीच वीज सुरू करायला आलेला असतो. ‘इतकी वर्षं चाललंय, काय झालं?’ हे उत्तर मला कमिटीच्या तोंडी शोभत नाही. चेंजओव्हर स्विच एका वेळी एकच वीज जोडतो, आणि लग्नातल्या डेकोरेशनपुढं त्याचा खर्च काहीच नाही.

सोलर लावा असं सगळेच म्हणतात, मीही म्हणतो. जोहर-असरला ऊन असतंच. मात्र बॅटरीशिवायचं नेट मीटरवालं सोलर लाइट गेली की आपोआप बंद होतं, तेही लाइनमनसाठीच. तरावीहला पंखे हवे असतील तर हायब्रिड इन्व्हर्टर आणि बॅटरी घ्या. डिझेल लांबच्या खोळंब्यापुरतं ठेवा.

मोहल्ल्यात आयटीआय केलेले वायरमन आहेत. रमजानच्या आधी त्यांना बोलावून जनरेटरची जोडणी तपासून घ्या, आणि डिझेलचा महिन्याचा खर्च नोटीस बोर्डावर लावा.