छेद कुठे राहिला?

सप्टेंबर संपत आला की वऱ्हाडातल्या पेपरात एक बातमी हमखास येते. जिल्ह्याची नजरअंदाज पैसेवारी अमुक इतकी. अमरावतीची इतकी, अकोल्याची इतकी. पुण्या-मुंबईच्या मित्रांना हा शब्द समजावून सांगावा लागतो, म्हणून थोडक्यात सांगतो. पूर्ण पीक म्हणजे 100 पैसे, आणि यंदा त्यातलं किती हाती येणार ते म्हणजे पैसेवारी. रुपयाचे सोळा आणे होते तेव्हा हीच आणेवारी होती. जुनी मंडळी अजून तेच म्हणतात.

आकडा 50 च्या खाली गेला की जमीन महसुलात सूट, कृषिपंपाच्या बिलात सवलत, पोरांची परीक्षा फी माफ, कर्जवसुलीला स्थगिती अशा गोष्टींचा मार्ग मोकळा होतो. 49 आणि 51 मध्ये फरक दोनच पैशांचा, पण दर्यापूरकडच्या आमच्या नातलगांना विचारा तो केवढा असतो ते!

आता मी हे का लिहितोय? माझं पोट डॅशबोर्डवर चालतं. दिवसभर पॉवर बीआयमध्ये मेझर लिहायचे, आणि त्यातून निघालेले आकडे लोकांना पाठवायचे. आकडा काढणं सोपं असतं हो, पाठवणं कठीण. कुणीतरी स्क्रीनशॉट काढून व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकतो. त्यात 62% दिसतं. कोणत्या महिन्याचं, कोणता फिल्टर लावून, डेटा कधी ताजा झाला होता, सगळं चौकटीच्या बाहेर राहतं. एक्सेलमध्ये काढून पाठवलं तर आकडा येतो आणि सूत्र मागेच राहतं. लिंक पाठवा म्हणाल, तर त्यातही गंमत आहे. शेअर करताना 'इन्क्लूड माय चेंजेस'ची खूण राहून गेली तर समोरच्याला तुमचे फिल्टर दिसत नाहीत. आणि ओळीनिहाय परवानगी लावलेली असेल तर अकोल्याच्या माणसाला अकोल्याचेच व्यवहार दिसतात, अमरावतीच्या माणसाला अमरावतीचे. लिंक एक, आकडे दोन, आणि मीटिंगमध्ये भांडण!

अंश पोचतो, छेद वाटेत गळतो. माझं म्हणणं एवढंच आहे, की छेदाशिवाय आकडा पाठवूच नये.

समजा एका गावात सोयाबीन 100 हेक्टर आहे आणि त्याची पैसेवारी 40. कापूस 20 हेक्टर, त्याची 70. दोन्हींची सरळ सरासरी काढली तर 55. गाव बाद! पेऱ्याच्या प्रमाणात काढली तर 45, म्हणजे गाव सवलतीत. दोन्ही उत्तरं गणिताने बरोबरच आहेत, पण शेतकऱ्याच्या दृष्टीने एकच बरोबर आहे. ऑफिसात हीच चूक रोज होते. दोन शाखांच्या टक्केवाऱ्यांची सरासरी काढून कुणीतरी ती पुढे ढकलतो, आणि ज्याला ती मिळते त्याच्याकडे ताडून बघायला काही नसतं.

सरासरीचा आणखी एक खेळ आमच्याकडे दरवर्षी बघायला मिळतो. अमरावती जिल्ह्याच्या पावसाच्या सरासरीत चिखलदरा पण येतो आणि दर्यापूर पण. वर मेळघाटात धो धो, खाली खारपाणपट्ट्यात विहिरीचं पाणी खारट, ओलिताची सोय तोकडी, सगळी भिस्त वरच्या पाण्यावर. त्या दोघांना एका आकड्यात बसवलं की जिल्हा मजेत दिसतो. तिकडे पूर्णाकाठच्या माणसाला विचारा, 'पाणी कुठी हाये बाप्पा?' म्हणेल. पैसेवारीचंही तसंच. गणित गावनिहाय होतं आणि मथळा जिल्ह्याचा छापून येतो.

पण पैसेवारीला नुसती नावं ठेवायची नाहीत मला. तिच्यावर टीका खूप झाली आहे, आणि पुष्कळशी योग्यच आहे. 2016 च्या केंद्राच्या संहितेनंतर दुष्काळ ठरवायला पाऊस, उपग्रहातून दिसणारी हिरवळ, जमिनीतला ओलावा असे निकष आले. 31 ऑक्टोबर 2018 ला राज्याने 151 तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला तो याच पद्धतीने. ते बरंच झालं. तरी जुन्या पद्धतीतल्या दोन गोष्टी मला आमच्या झकपक डॅशबोर्डांपेक्षा शहाण्या वाटतात.

एक म्हणजे आकड्याचं वय त्याच्या नावातच असतं. आमच्या विभागात 30 सप्टेंबरची ती हंगामी, 31 ऑक्टोबरची सुधारित आणि 31 डिसेंबरची अंतिम. सप्टेंबरचा आकडा डिसेंबरात बदलला तर कुणी कुणाला खोटारडा म्हणत नाही, कारण तो नजरेचा अंदाज होता हे नावावरूनच कळतं. आमच्याकडे सोमवारी सकाळचा अर्धवट भरलेला आकडा आणि हिशेब बंद झाल्यावरचा आकडा एकाच रंगात, एकाच जाड टायपात झळकतात!

दुसरी म्हणजे हरकत. 10 बाय 10 मीटरचा तुकडा आखून पीक कापतात, तोलतात. मंडळ अधिकारी, तलाठी, कृषी सहायक, सरपंच, गावातले शेतकरी, सगळे त्यात असतात. निदान असायला पाहिजेत. प्रत्यक्षात कितीदा धुऱ्यावर उभं राहूनच उरकतात ते गावाला ठाऊक आहे. पण ज्याच्याबद्दल आकडा आहे त्याला 'हे मला मान्य नाही' म्हणायची जागा आहे. डॅशबोर्डवर विक्री प्रतिनिधीचं नाव लाल रंगात येतं तेव्हा त्याने हरकत कुठे नोंदवायची?

सहकारी म्हणतात, एवढं कोण वाचतं? साहेबांना एकच आकडा हवा असतो. खरंय, म्हणून मीही एकच आकडा देतो. फक्त त्याच्याखाली एक ओळ घालतो: कशाला कशाने भागलं, कोणत्या तारखेपर्यंतचं, आणि हंगामी की अंतिम. हे तीन शब्द मी तहसीलकडून सरळ उचलले आहेत. परवा असंच पाठवलं तर दहा मिनिटांत फोन आला, 'हे हंगामी म्हणजे काय हो?' चांगली पंधरा मिनिटं बोललो आम्ही.