साप साप म्हणून भुई धोपटूं नका

रोगापेक्षां रोगाच्या भीतीनेंच मनुष्य अधिक खचतो, असें अनुभवी वैद्य सांगत आले आहेत. घरोघरच्या संगणकाच्या बाबतींत हें वचन अगदीं खरें आहे. यंत्र मंद चालूं लागलें, पडद्यावर एखादी अपरिचित सूचना झळकली, किंवा काम चालू असतां सर्व कांहीं एकाएकीं थांबलें, कीं घरांत एकच ओरड होते, “व्हायरस शिरला!” मग कोणी दिसेल ती फाइल पुसून टाकतो, कोणी इंटरनेटवरून मिळेल तें फुकटचें औषध उतरवून घेतो, आणि घटकाभरानें यंत्र पहिल्याहून अधिक आजारी होतें. आमचें मत असें कीं, विषाणु केव्हां येईल हें सर्वस्वीं आपल्या हातीं नाहीं. परंतु घाबरून जाऊन आपल्याच हातानें आपलें नुकसान न करणें हें मात्र खास आपल्या हातीं आहे. म्हणून ‘आधीं निदान, मग औषध’ हा नियम प्रत्येक घरानें कटाक्षानें पाळला पाहिजे.

प्रथम दोन गोष्टींतील भेद ध्यानांत घ्यावा. संगणक सुरू होतांच त्याच्या पोटांत कितीतरी लहानमोठीं कामें एकाच वेळीं चालूं लागतात. त्यांस प्रक्रिया म्हणतात. एखाद्या मोठ्या वाड्यांत कोणी दार राखतो, कोणी पाणी भरतो, कोणी दिवाबत्ती पाहतो, तशाच या प्रक्रिया होत. विंडोज पद्धतीच्या यंत्रांत ‘एलसास’ नांवाची प्रक्रिया पासवर्ड तपासून आपणांस आंत घेते, म्हणजे ती वाड्याची द्वारपालच. आणि ‘एसव्हीसीहोस्ट’ नांवाची प्रक्रिया इतर अनेक सेवा आपल्या खांद्यावर वाहते. यांपैकीं एखादा सेवक अडखळला म्हणजे पडद्यावर दोषाची सूचना येते. अडखळण्याचीं कारणें पुष्कळ असतात. मेमरी अपुरी पडते, डिस्क जीर्ण होते, अपडेट अर्धवट राहतें, पंख्यांत धूळ सांचून यंत्र तापतें. विषाणु हें त्यांपैकीं केवळ एक कारण होय. काल मित्राचा पेनड्राइव्ह लावला आणि आज यंत्र अडलें, एवढ्यावरून मित्रास दोष देणें म्हणजे कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गांठ पडली, असा प्रकार व्हावयाचा.

भीतीमुळें काय घडतें याचें नमुनेदार उदाहरण मे २००१ मध्यें जगानें पाहिलें. ‘सल्फएनबीके’ या नांवाची फाइल आपल्या यंत्रांत आहे कीं काय तें पाहा, असल्यास ती विषाणु समजून ताबडतोब पुसून टाका, आणि सर्व मित्रांस कळवा, अशीं पत्रें ई-मेलनें सर्वत्र फिरूं लागलीं. पुढील वर्षीं तशीच आवई ‘जेडीबीजीएमजीआर’ या फाइलीविषयीं उठली. तिच्या चिन्हावर अस्वलाचें लहानसें चित्र होतें. तेवढ्यावरून लोकांचा संशय अधिकच बळावला. वस्तुतः या दोन्ही फाइली विंडोजच्याच होत्या. पहिली फाइलींचीं लांब नांवें पूर्ववत् करण्याच्या कामीं येई, तर दुसरी जावा भाषेंत कार्यक्रम लिहिणारांस उपयोगी पडे. शोधणारास त्या आपल्या यंत्रांत सांपडत यांत नवल नव्हतें, कारण त्या मुळांतच तेथें होत्या. परंतु ‘सांपडली, त्याअर्थीं पत्र खरें’ असें समजून अनेकांनीं त्या पुसल्या, आणि तें पत्र पुढेंही धाडलें. येथें विषाणूस कांहीं करावेंच लागलें नाहीं. त्याचें काम घाबरलेल्या मालकांनींच केलें.

घाईचा हा दोष केवळ अजाण माणसांतच असतो असेंही नाहीं. २१ एप्रिल २०१० रोजीं मॅकअफी या प्रसिद्ध विषाणुनाशक कंपनीच्या एका अपडेटनें विंडोज एक्सपीमधील खरीखुरी ‘एसव्हीसीहोस्ट’ फाइलच विषाणु ठरवून बाजूस काढली. चोर सोडून संन्याशाला फांशी! परिणामीं कित्येक कचेऱ्यांतील यंत्रें पुनःपुन्हां बंद पडूं लागलीं. पुढें १९ जुलै २०२४ रोजीं क्राउडस्ट्राइक या दुसऱ्या रक्षक कंपनीच्या सदोष अपडेटमुळें, मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणें, सुमारें ८५ लाख विंडोज यंत्रें ठप्प झालीं. विषाणूचा तेथें मागमूसही नव्हता.

तथापि प्रत्येक सूचना निरुपद्रवीच मानावी असें आमचें म्हणणें नाहीं. ३० एप्रिल २००४ रोजीं ‘सॅसर’ नांवाचा संगणकी कृमि जगभर पसरूं लागला. त्यास ना ई-मेल लागे, ना कोणी फाइल उघडावी लागे. यंत्र इंटरनेटला जोडलेलें असलें म्हणजे पुरे. वर सांगितलेल्या ‘एलसास’मधील एका दोषांतून तो आंत शिरे, ती प्रक्रिया कोसळे, आणि ‘साठ सेकंदांत यंत्र बंद होईल’ अशी सूचना पडद्यावर येई. ब्रिटनच्या किनारारक्षक दलास त्या दिवसांत संगणकावरील नकाशे सोडून कागदी नकाशांवर काम भागवावें लागलें. अशा वेळीं विंडोज मुळापासून पुन्हां भरलें तरी भिंतीचें भगदाड तसेंच राही, आणि इंटरनेट जोडतांच कृमि परत येऊं शके. तें भगदाड बुजविण्याचा उपाय मायक्रोसॉफ्टनें १३ एप्रिल रोजींच, म्हणजे कृमि येण्यापूर्वीं १७ दिवस, प्रसिद्ध केलेला होता. १२ मे २०१७ रोजीं ‘वॉनाक्राय’नें हाहाकार उडविला तेव्हांही हेंच दिसून आलें, त्यावरचा उपाय १४ मार्चपासून उपलब्ध होता. तात्पर्य, योग्य वेळीं केलेला लहानसा प्रतिबंध हा नंतरच्या मोठ्या धांवपळीहून श्रेष्ठ होय. विंडोज १० चा सर्वसाधारण मोफत पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं संपला आहे, हेंही पालकांनीं याच दृष्टीनें लक्षांत ठेवावें.

मग यंत्र अडल्यास करावें तरी काय? पहिली गोष्ट, सूचना अक्षरशः वहींत उतरून घ्यावी आणि तत्पूर्वीं आपण काय करीत होतों तेंही लिहावें. विषाणूचा संशय असल्यास इंटरनेट तोडावें, आणि अधिक माहिती दुसऱ्या यंत्रावर शोधावी. नंतर कंट्रोल, शिफ्ट व एस्केप या तीन कळा एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडावा, आणि कोणती प्रक्रिया अधिक शक्ति खात आहे तें पाहावें. ‘एसव्हीसीहोस्ट’च्या अनेक प्रती दिसल्या तर दचकूं नये, तें स्वाभाविक आहे. मात्र नांवांतील अक्षरें उलटसुलट असलीं, किंवा ती फाइल विंडोजच्या सिस्टिम ३२ या फोल्डरांत नसून भलत्याच ठिकाणीं असली, तर तो बहुरूपी समजावा. त्यानंतर एकाच विश्वसनीय विषाणुनाशकानें संपूर्ण तपासणी करावी. दोन वैद्य एकदम लावल्यास ते आपसांतच भांडतात. विंडोज डिफेंडरची ऑफलाइन तपासणी तर विंडोज सुरू होण्यापूर्वींच होते, म्हणून लपून बसलेला विषाणुही तींत सांपडण्याचा संभव अधिक. कांहींच न आढळल्यास ‘एसएफसी’ या साधनानें विंडोजच्या मूळ फाइली तपासाव्या, डिस्कवर जागा आहे कीं नाहीं तें पाहावें, पंख्यांतील धूळ काढावी.

कधीं कधीं विषाणु गेल्यावरही यंत्र सुरू होतांच ‘अमुक फाइल सांपडत नाहीं’ अशी सूचना येत राहते. विषाणूची फाइल गेली, परंतु तिला बोलावणारी नोंद मागें राहिली, असा पुष्कळदां त्याचा अर्थ असतो. ती नोंद शोधून काढणें एवढेंच काम उरलेलें असतें. तेथें पुन्हां रणकंदन नको.

भीतीचा सर्वांत मोठा व्यापार अलीकडे निराळ्याच वाटेनें चालतो. पडदा लाल होतो, भोंगा वाजतो, आणि ‘या क्रमांकावर ताबडतोब फोन करा’ असा हुकूम दिसतो. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या सूचनांत दूरध्वनीचा क्रमांक कधींच नसतो, असें ती कंपनी स्वतः सांगते. खेदाची गोष्ट ही कीं, या फसवणुकीचे कित्येक अड्डे आपल्याच देशांत निघाले. ऑक्टोबर २०२३ मध्यें केंद्रीय अन्वेषण विभागास त्यांवर ठिकठिकाणीं छापे घालावे लागले. तेव्हां तो क्रमांक फिरवूं नये, कोणा अपरिचितास आपल्या यंत्राचा ताबा देऊं नये, आणि पैसे गेलेच तर विलंब न लावतां १९३० या सरकारी क्रमांकावर कळवावें.

शेवटीं पालकांस एक विनंति. घरांतील संगणकाचें ज्ञान वडील मंडळींपेक्षां मुलांस अधिक असतें, हें खरें. सॅसर लिहिणारा देखील जर्मनींतील एक विद्यार्थीच होता. जुलै २००५ मध्यें न्यायालयानें त्यास २१ महिन्यांची स्थगित शिक्षा ठोठावली. परंतु ज्ञान निराळें आणि विवेक निराळा. विवेक घरच्या वातावरणांत वाढतो. यंत्र बिघडल्याचें सांगतांच ज्या घरांत मार व बोलणीं मिळतात, तेथील मूल पुढच्या वेळीं तें लपवितें, घाईनें कांहीं तरी पुसतें, आणि दोष वाढत जातो. ज्या घरांत ‘बरें झालें लवकर सांगितलेंस, चल, सूचना काय आहे ती वाचूं’ असे शब्द ऐकूं येतात, तेथें निम्में निदान तेव्हांच होऊन जातें.

आणि विद्यार्थी मित्रांनो, तुम्हांस एवढेंच सांगणें आहे. आपल्या महत्त्वाच्या लेखांची व छायाचित्रांची एक प्रत निराळ्या डिस्कवर घेऊन ती यंत्रापासून अलग ठेवा. अपडेट आलें तर ‘उद्यां पाहूं’ म्हणूं नका. आणि जें नांव ओळखीचें नाहीं तें शत्रूचें, असें एकदम ठरवूं नका. ज्याची प्रत सुरक्षित आहे त्यास भिण्याचें कारण थोडें, आणि जो भ्याला नाहीं त्यासच साप कोणता व दोरी कोणती हें नीट दिसतें.