कोंबडीची जाळी आणि आमचा चुकलेला सल्ला



गळीत हंगाम चालू असताना ऊस सोडून जाळीचा विषय कशाला, असे काही सभासद म्हणतील. पण विषय उसाच्या बांधावरचाच आहे. वर्षभर उभ्या उसात कोल्हा, रानमांजर, मुंगूस यांचे बस्तान असते. तोड झाली की फड उघडा पडतो आणि ही जनावरे वस्तीकडे सरकतात. पहिली धाड पडते ती खुराड्यावर. म्हणून हे आत्ताच लिहितो.

आधी आमची चूक सांगतो. आमच्या गटातील एका वस्तीवर माउलींनी बारा गावरान कोंबड्या केल्या होत्या. आम्हीच त्यांना सांगितले, "बाजारातली सहाकोनी कोंबडी-जाळी घ्या, स्वस्तात काम होतं." जाळी लागली. महिन्याभरात एका रात्री कुत्र्यांनी खालून माती उकरली, जाळी वर उचलली आणि नऊ कोंबड्या मारल्या. अंड्यांच्या पैशावर पोरांच्या वह्या-पुस्तकांचा खर्च निघत होता, तो थांबला. माउली आम्हाला एक शब्द बोलल्या नाहीत. तेच जास्त लागले.

त्यावरून आमचे मत झाले ते असे : ही पातळ जाळी कोंबडीला आत ठेवते, शत्रूला बाहेर ठेवत नाही. परसबागेतल्या मेथी-कोथिंबिरीपासून कोंबड्या लांब ठेवायच्या असतील तर ती पुरे. कोंबड्यांचे रक्षण करायचे असेल तर पुरे नाही.

दुकानात गेल्यावर नुसता भाव विचारू नका, गेज विचारा. गेजचा आकडा जितका मोठा तितकी तार बारीक. २२ गेजची तार पाऊण मिलिमीटरपेक्षाही बारीक असते, १८ गेजची सव्वा मिलिमीटरच्या आसपास. दुसरे पाहायचे ते भोक. दोन इंची चेनलिंक जाळी शेळी-कुत्र्याला अडवते, पण तिच्यातून उंदीर सहज जातो आणि पिल्लू बाहेर पडते. खालच्या भागाला अर्धा इंची वेल्ड केलेली जाळीच हवी.

खर्च घाबरण्यासारखा नाही. दहा बाय दहा फुटांच्या आवाराचा घेर ४० फूट. वेल्डची जाळी तीन फूट रुंद घ्यावी. दोन फूट उभी आणि एक फूट बाहेरच्या अंगाला जमिनीत काटकोनात वळवून वीतभर मातीखाली दाबलेली. म्हणजे भारी जाळी लागली फक्त १२० चौरस फूट. उकरणारे जनावर कुंपणाच्या बुडाशीच उकरते. तिथे जाळी लागली की दमून जाते. वरचे चार फूट आणि माथ्यावर साधी जाळी चालेल. माथा मात्र झाकाच. घार वरून येते आणि गावरान कोंबडी कुंपणावरून उडते.

आपल्या पाटाच्या पाण्याखालच्या खारवट, चोपण जमिनीत जस्ताचा मुलामा लवकर जातो. मातीत जाणाऱ्या भागाला डांबर लावा आणि कोंबडखत जाळीला टेकवून साठवू नका.

आता दोन गोष्टी बजावून सांगतो. पहिली, बिबट्याचा वावर असेल तिथे कोणत्याही जाळीवर विसंबू नका. अंधार पडण्यापूर्वी कोंबड्या-शेळ्या भिंतीच्या बंद खोपटात घ्या आणि घराला चिकटून ऊस लावू नका. ऊस वाढवणे हेच आमचे काम, तरी हे सांगतो. दुसरी, जाळीत विजेचा करंट सोडण्याचा अघोरी उपाय कोणी करू नये. तार जनावर आणि आपले लेकरू यांत भेद करत नाही. पहाटे पाणी द्यायला जाणारा शेजारीही त्यात सापडतो. शिवाय तो गुन्हा आहे.

बारा कोंबड्यांचा पसारा कारखान्याच्या हिशेबात कुठेच दिसत नाही. पण उसाचे बिल मिळेपर्यंत घरातला मीठ-मिरचीचा खर्च कोण चालवते, हे घरोघरच्या माउलीला विचारा. उसाला ठिबक घेताना आपण चार दुकाने फिरतो. तिच्या जाळीसाठी एक तरी फिरावे, एवढेच आमचे सांगणे.

— ऊस विकास अधिकारी