डाळीची आणि भाताची फारकत कशासाठी?

मंडळी, जरा स्पष्टच लिहितो. तांबड्या-पांढऱ्याच्या या कोल्हापुरात माझ्या ओळखीतली चार-पाच माणसं सध्या ताटाची वाटणी करून जेवतायत. मटण खाल्लं तर भाकरी बंद. भात घेतला तर आमटी बंद. फळ खायचं तर एकटंच. कारण काय, तर प्रथिनं आणि पिष्ट पोटात एकत्र आली की म्हणे सडतात आणि त्याची चरबी होते.

ही कल्पना गाजवली अमेरिकेतल्या डॉ. विल्यम हॉवर्ड हे यांनी (आडनावच ‘हे’), गेल्या शतकाच्या पूर्वार्धात. प्रथिनांना आम्ल लागतं, पिष्टाला अल्क, म्हणून दोन्ही एकत्र पचत नाहीत, असा त्यांचा दावा. पण आपलं स्वादुपिंड पिष्ट, प्रथिनं आणि स्निग्ध पदार्थ पचवणारे रस लहान आतड्यात एकत्रच सोडतं. आणि 100 ग्रॅम तूरडाळीतच साधारण 22 ग्रॅम प्रथिनं आणि निम्म्याहून जास्त कर्बोदकं असतात. आता डाळीतनं डाळ कशी वेगळी काढणार राव?

काहीजण चरकाचा दाखला देतात. विरुद्ध आहारात दूध-मासे एकत्र नकोत, हे खरं. पण डाळ-तांदळाची खिचडी तर वैद्य पथ्य म्हणून देतात.

मग वजन उतरतं ते कसं? 2000 साली स्वित्झर्लंडच्या संशोधकांनी 54 लठ्ठ रुग्णांवर हे तपासलं. सहा आठवडे सगळ्यांना रोज 1100 कॅलरी, निम्म्यांना वेगवेगळं अन्न, निम्म्यांना एकत्र. वेगवेगळं खाणाऱ्यांचं वजन सरासरी 6.2 किलो घटलं, एकत्र खाणाऱ्यांचं 7.5. म्हणजे वाटणीचा फायदा शून्य. भाकरी नसली की रस्साही दोन वाट्यांवर थांबतो, एवढंच गुपित.

खातायत तर खाऊ देत, असं म्हणून मी गप्प बसलो असतो. पण आमच्या नात्यातल्या एका काकूंना शुगरची गोळी चालू आहे. कुणीतरी पैसे घेऊन दिलेल्या तक्त्याप्रमाणं दुपारी नुसती पपई खाल्ली, गोळी नेहमीचीच घेतली. संध्याकाळी दरदरून घाम, हातपाय थरथर. शेजारणीनं साखरपाणी दिलं म्हणून निभावलं. तक्ता देणाऱ्यानं ‘गोळ्या चालू आहेत का’ एवढंही विचारलं नव्हतं.

देशात दहा कोटींवर मधुमेही आहेत, असं आयसीएमआरचा 2023 चा अभ्यास सांगतो. फसव्या उपायांच्या जाहिरातींविरुद्धच्या 1954 च्या कायद्याच्या यादीत लठ्ठपणा आणि मधुमेह दोन्ही आहेत. पण तो कायदा औषधं आणि चमत्कारी उपायांसाठी. जेवणाचा तक्ता विकणारा त्यात सहजासहजी सापडत नाही. ही फट सरकारनं बुजवावी. पैसे घेऊन आहार सांगणाऱ्यानं आपलं शिक्षण लिहून द्यावं आणि आधी गोळ्यांची चौकशी करावी.

शाकाहारी घरात तर डाळ-भात एकत्र हवाच. तांदळात लायसिन कमी, डाळीत मिथिओनिन कमी. दोघं मिळून एकमेकांची उणीव भरून काढतात. आपल्या आज्ज्यांना ही नावं ठाऊक नव्हती, पण ताट बरोबर वाढत होत्या.

वजन कमी करायचंय? एक भाकरी कमी करा, कट आणि फरसाण आवरा, रोज रंकाळ्यावर चाला. आणि घरात कुणाला शुगरची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्यांच्या ताटातलं काहीही काढू नका.