गिअर हाताचा की आपोआप?

विद्यार्थी मित्रहो, वेगवान सेडान गाडीत गिअर हाताने टाकावा की गाडीवरच सोडावा, हा तुमचा आवडता वाद! आकडे स्पष्ट आहेत. बी.एम.डब्ल्यू.ने २०२० साली नवी एम-३ सादर केली. हाताच्या गिअरची गाडी ४८० अश्वशक्तीची. शून्यापासून ताशी १०० कि.मी. गाठायला ४.२ सेकंद. ऑटोमॅटिक 'कॉम्पिटिशन' ५१० अश्वशक्तीची, ३.९ सेकंद. तिची शक्ती जास्त हे खरे. पण क्लच दाबताच इंजिनाची ओढ तुटते, ऑटोमॅटिकमध्ये ती जवळजवळ अखंड राहते. शर्यत यंत्राने जिंकली, हे मान्य करावे.

तरीही २०२१ साली कॅडिलॅकने ६०० हून अधिक अश्वशक्तीच्या सी.टी.५-व्ही ब्लॅकविंगला सहा गिअरांचा दांडा दिलाच. हात, पाय आणि कान यांचा मेळ साधण्यातही आनंद असतो, तो हवा असणारे ग्राहक आहेत.

माझे मत असे, की घ्यावी हवी ती गाडी, पण शिकावे हाताच्या गिअरवर. चढावर गाडी मागे न सरकू देता क्लच सोडणे ज्याला जमले, त्याला यंत्राची ताकद आणि मर्यादा दोन्ही कळतात. ब्रिटनमध्ये ऑटोमॅटिकवर परीक्षा दिली तर परवाना तेवढ्यापुरताच मिळतो. आपल्याकडे दुचाकीच्या परवान्यात गिअरचा भेद आहे, मोटारीच्या नाही. म्हणून पाल्याचे नाव ड्रायव्हिंग स्कूलमध्ये घालताना (अठरा वर्षे पूर्ण झाल्यावरच, हे सांगणे नलगे!) पालकांनी गिअरची गाडीच मागावी, ही विनंती.