राजाचा फ्लश टाकता आला पाहिजे

२-५ रुपयांच्या ऑनलाइन टेबलावर मी ओमाहा हा पोकरचा प्रकार खेळायचो. हातात चार पानं, त्यांतली नेमकी दोनच वापरायची. दोन-दोनच्या सहा जोड्या होतात, म्हणून प्रत्येकाचं काही ना काही जमतंच.

एका रात्री माझ्याकडे किलवरचे राजा-नव्वी, टेबलावर तीन किलवर, म्हणजे पाच किलवरचा फ्लश. पॉटमध्ये, म्हणजे मधल्या ढिगात, ६०० रुपये. शेवटच्या पानावर समोरच्याने पूर्ण ६०० लावले. हिशोबाने तीनदा भरून एकदा जिंकलो तरी बरोबरी. पण तासभर गप्प बसलेला माणूस अचानक पूर्ण पॉट लावतो, तेव्हा एक्का बहुधा त्याच्याकडेच असतो. मी भरले. एक्का त्याच्याकडेच निघाला.

२०२५ च्या कायद्याने देशात पैशांचे ऑनलाइन खेळ बंद झाले. तरी माझं मत ठाम आहे: लहान टेबलावर फसवायला पूर्ण पॉट लावणारे विरळाच. तो राजा मी टाकायलाच हवा होता.