घटपर्णीची अकालीं जाग

संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशीं, ऐन किंक्रांतीला, सकाळीं सात वाजतां गच्चीवरून हांक आली, "अहो, वर या पाहूं. तुमच्या मांसाहारी बाईला यंदांहि कळी धरली आहे!" ज्या घरांत चातुर्मासांत कांद्याला उंबरा ओलांडतां येत नाहीं, त्या घराच्या गच्चीवर तुळशीपासून चार हातांच्या अंतरानें माशा खाणारें एक झाड दीड वर्ष नांदत आहे, आणि त्याच्या कळीचें कौतुक खुद्द घरधनिणीच्या तोंडून होत आहे, हें कांहीं वाचकांना चमत्कारिक वाटेल. म्हणून ही बाई कोण, कोठली, हें आधीं सांगणें प्राप्त आहे.

आमच्या थोरल्या नातीनें दीड वर्षापूर्वीं पावसाळ्यांत एका रोपवाटिकेंतून तिला आणिलें. पुढें पंधरा दिवसांतच नात शिक्षणासाठीं बंगळूरास गेली आणि कुंडी माझ्या स्वाधीन झाली. जातांना तिनें बजाविलें, "आजोबा, हिला खत घालायचें नाहीं, नळाचें पाणी द्यायचें नाहीं, आणि उगाच पानांत बोट घालून पाहायचें नाहीं." हे तिन्ही नियम मी पाळीत आलों आहें. चौथा नियम रोप विकणाऱ्यानें तिलाहि सांगितला नव्हता. त्याचीच ही हकीकत.

झाडाचें शास्त्रीय नांव सारासेनिया. फ्रेंच अमदानींत कॅनडांतील क्वेबेक येथें मिशेल साराझँ नांवाचा वैद्य होता, त्याच्यावरून तें पडलें. मराठींत घटपर्णी म्हणतात. घटासारखीं पानें जिचीं ती, असा सरळ बहुव्रीहि. शालपर्णी, पृश्निपर्णी, माषपर्णी या आयुर्वेदांतील जुन्या मंडळींच्या पंगतीला हें नांव शोभण्यासारखें आहे. शेवटीं 'पर्ण' असलेल्या अशा नांवांना 'ई' कां लागावा, याची सोय पाणिनीनें करून ठेविलेलीच आहे. ती सोय एके दिवशीं माशा गिळणाऱ्या झाडाच्या उपयोगीं पडेल, ही कल्पना मात्र त्याला नसावी. या नांवांत एक घोटाळा आहे. मेघालयाच्या डोंगरांत जी घटपर्णी वाढते, जिला गारो लोक 'भुताची टोपली' अशा अर्थाचें नांव देतात आणि जिचें शास्त्रीय वर्णन हूकर यानें १८७३ सालीं केलें, ती नेपेंथिस. ती वेल आहे, तिचा घट पानाच्या टोंकाला तंतूवर लोंबतो, आणि ती बारमास हिरवी असते. आमची बाई निराळ्या कुळांतली व अमेरिकेंतली. तिचें अख्खें पानच नळीसारखें उभें, वर झांकण. झांकणाच्या कडेला मध पाझरतो. त्या लोभानें किडा कांठावर येतो, गुळगुळीत भिंतीवरून घसरतो, आंतले केंस खालीं वळलेले असल्यामुळें त्याला परत चढतां येत नाहीं, आणि तळाच्या रसांत त्याचें पचन होतें. दलदलीच्या निकस मातींत नत्र मिळत नाहीं, म्हणून पोटासाठीं केलेली ही तजवीज आहे. वनस्पति प्राण्यांना खातात, हें पूर्वीं थोरथोर विद्वानांनाहि पटत नसे. १८७४ सालीं त्याच हूकरनें बेलफास्ट येथील विद्वत्सभेंत या विषयावर भाषण केलें आणि पुढच्याच वर्षीं डार्विनचा ग्रंथ निघाला, तेव्हां हा वाद मिटला.

आतां कळीकडे वळूं. गेल्या वर्षींहि जानेवारींतच अशी कळी आली होती. तिचें फूल पाहण्यासारखें होतें. पिवळ्या पाकळ्या खालीं लोंबत होत्या आणि मध्यें उलटी धरलेली छत्री. पराग झडतो तो त्या छत्रींत पडतो. फूल पानांच्या आधीं येतें. परागवहन करणारी माशी त्याच झाडाच्या घटांत बुडूं नये, यासाठीं ही योजना असावी असें मानतात. मीं फुलाचें छायाचित्र नातीला पाठविलें. तिनें तें वसतिगृहांत सर्वांना दाखविलें. शेजारच्या बिऱ्हाडांतील मंडळी पाहून गेलीं. "मास्तरांच्या हाताला गुण आहे" असें एक जण म्हणाले, आणि तें मला खरें वाटलें.

यंदां कळी पाहिली आणि लगोलग फोन उचलणार, तों शेजारच्या जुन्या पानांकडे लक्ष गेलें. आणलें तेव्हां एकेक पान हातभर उंच होतें. गेल्या वर्षभरांत आलेलीं पानें वीतभरहि नाहींत, आणि त्यांतलीं दोन तर नळी न होतांच चपटीं राहिलीं. फूल जोमाचें आणि पानें मात्र दर खेपेस खुजीं, याचा मेळ बसेना. फोन खालीं ठेविला आणि वाचावयास बसलों. मॅट्रिकपलीकडे माझें शिक्षण गेलें नाहीं, आणि शास्त्राचीं इंग्रजी पुस्तकें मी शब्दकोश शेजारीं ठेवूनच वाचतों. त्यामुळें उलगडा होण्यास चार दिवस लागले. तो झाला तेव्हां गेल्या वर्षींच्या प्रशंसेची मला लाज वाटली.

या झाडाला हिवाळ्याची झोप लागते. कॅरोलायना, जॉर्जिया, अलाबामा, फ्लोरिडा या प्रांतांच्या सपाट, पाणथळ भागांत त्याच्या बहुतेक जाती राहतात. तेथें डिसेंबरांत दिवस दहा तासांच्या आसपास येतो, रात्रीं हिंव पडतें, कधीं पाणीहि गोठतें. घट करपून तपकिरी होतात आणि चिखलाखालचें जाड, गांठाळ खोड आपल्या सांठ्यासह तीन-चार महिने निजून राहतें. पुरेशी थंडी भोगून झाल्यावरच उबेचा अर्थ वसंत असा होतो, आणि मग फुटलेल्या कोंबाच्या मागें विश्रांतीचें बळ असतें. थंडी अपुरी पडली, तर ऊब लागतांच झाड उठतें खरें, पण उठतें तें सांठा मोडून. एकदोन वर्षें तें तग धरतें, हिरवें दिसतें, फुलतेंहि. नंतर एखाद्या उन्हाळ्यांत संपतें, आणि पाहणाऱ्याला कारण कळत नाहीं.

आमच्या हडपसरला हिवाळा नाहीं असें नव्हे. पुण्यांत १९३५ सालच्या जानेवारींत पारा दोन अंशांच्याहि खालीं गेल्याची नोंद आहे. पण नेहमींचा हिवाळा म्हणजे पहांटे दहाबारा अंश आणि दुपारीं एकोणतीस-तीस. दिवसहि अकरा तासांखालीं जात नाहीं. बिचारीला रात्रीं अंगाई ऐकूं येते आणि दुपारीं नगारा. पस्तीस वर्षें माझीं वर्गांत पेंगणाऱ्या मुलांना जागें करण्यांत गेलीं. अवेळीं जागें झालेल्याला पुन्हां निजवावें कसें, ही विद्या मीं कधीं शिकलेली नव्हती.

म्हणून ज्यांना ती येते त्यांच्याकडे गेलों. आज हडपसर म्हटलें कीं उंच इमारती आणि रस्त्यावरची वाहनांची कोंडी डोळ्यांपुढें येते. परंतु मुठेच्या कालव्याच्या पाण्यावर येथें उसाचे, भाजीपाल्याचे मळे होते. मगरपट्ट्याची वसाहत उभी आहे ती जमीनहि शेतकऱ्यांनीं आपल्या शेतांचे तुकडे एकत्र करून दिलेली आहे. माझे एक स्नेही त्या मळेकऱ्यांपैकीं. त्यांची पेरूची बाग आतां राहिलेली नाहीं. ज्ञान राहिलें आहे. सगळें ऐकून घेऊन ते म्हणाले, "मास्तर, सोपं हाय. ताण द्या. महिनाभर पाणी तोडा. झाड आपोआप निजतंय."

हा सल्ला वेडगळ नव्हता, हें मला मुद्दाम सांगावयाचें आहे. आपल्या दख्खनच्या फळबागांची सारी विद्या या ताणावर उभी आहे. डाळिंब, पेरू, संत्रें यांना आपल्याकडे बर्फ निजवीत नाहीं. म्हणून बागवान पाणी तोडतो, झाड पानें गाळतें, विसावतें, आणि मग खतपाणी मिळतांच एकदम बहरतें. ताण केव्हां तोडावयाचा त्यावरून आंबे बहार, मृग बहार, हस्त बहार असे तीन बहार ठरतात. नाशिककडील द्राक्षवेल तर मूळची थंड मुलखांतली. तिला येथें झोप येत नाहीं, म्हणून एप्रिलांत एकदां आणि ऑक्टोबरांत दुसऱ्यांदा छाटावी लागते, आणि डोळे एकसारखे फुटावेत म्हणून वर औषध लावतात. परक्या झाडाला आपल्या हवेशीं जमवून घेण्याची ही हिकमत आपल्या शेतकऱ्यांनीं पिढ्यान् पिढ्या कमाविली आहे. तिच्यापुढें माझ्या पुस्तकाची काय कथा? त्या संध्याकाळीं मीं कुंडीखालच्या ताटलींत पाणी घातलें नाहीं. दुसऱ्या दिवशींहि घातलें नाहीं.

तिसऱ्या दिवशीं पहांटे उठून पाहतों तों कुंडींतलें शेवाळ पांढरें पडलेलें, आणि एक कोंवळें पान मानेंत मोडल्यासारखें वांकलेलें. तेव्हां डोक्यांत प्रकाश पडला. हें दलदलीचें पोर आहे. त्याची झोपसुद्धां ओली असते. थंड चिखलांत निजावें, पण कोरडें कधीं पडूं नये. पेरू पाण्याच्या अभावानें निजतो आणि ही थंडीनें. दोघांच्या निजेला 'विश्रांति' हा एकच शब्द आहे, म्हणून एकाचें औषध दुसऱ्याला द्यावयाचें नव्हतें. पावसाळ्यांत कॅनमध्यें भरून ठेविलेलें पागोळ्यांचें पाणी घाईघाईनें ताटलींत ओतलें. (आमच्या बोअरच्या पाण्यांतील क्षार तिला बाधतात.) स्नेह्यांना जाऊन सांगितलें, तेव्हां ते हंसले व म्हणाले, "मग ती भातासारखी हाय म्हना की! आधी नाही का सांगायचं?"

आणि गंमत अशी कीं, आपल्या सह्याद्रींत ज्या कीटकभक्षक वनस्पति आहेत, त्यांची निजण्याची वेळ नेमकी आपल्या बागवानांच्या शास्त्राप्रमाणें आहे. भाद्रपदांत शाळेची सहल घेऊन मी साताऱ्याजवळच्या कासच्या पठारावर गेलेलों आहें. तेथें जांभळ्या फुलांचे गालिचे पसरतात त्या 'सीतेच्या आसवां'च्या मुळांपाशीं सूक्ष्म फुगे असून ते ओल्या मातींतले जीव ओढून घेतात. आणि 'दवबिंदू' आपल्या पानांवरच्या चिकट थेंबांवर चिलटें धरतो. पाणी आटलें कीं हीं झाडें सुकून जातात आणि पुढच्या मृगापर्यंत बीजरूपानें पडून राहतात. देवशयनीला श्रीहरि निजतात तेव्हां हीं जागीं असतात, आणि कार्तिकींत ते उठले कीं हळूहळू हीं निजतात. त्यांना थंडीची अपेक्षाच नाहीं. आमची पाहुणी मात्र परदेशचें पंचांग बरोबर घेऊन आली, आणि तें येथें लागू पडत नाहीं.

तिच्या मायदेशींहि आतां हें पंचांग थोडें चुकूं लागलें आहे, असें दिसतें. तिची एक बहीण, जांभळी घटपर्णी, पार कॅनडापर्यंत पसरलेली आहे. तिच्या घटांतल्या पाण्यांत एका जातीच्या डांसाच्या अळ्या न पचतां सुखानें राहतात आणि हिवाळ्यांत तेथेंच बर्फांत गोठून निजतात. निजावयाचें केव्हां, हें त्या उबेवरून ठरवीत नाहींत, दिवस किती लहान झाला यावरून ठरवितात. आणि हें घड्याळ उपजत असतें. ब्रॅडशॉ आणि होल्झॅप्फेल या दोघा शास्त्रज्ञांनीं १९७२ पासून पुढच्या पंचवीस वर्षांतील मापें ताडून २००१ सालीं दाखविलें, कीं उत्तरेकडील डांसांचें हें घड्याळच बदललें आहे. ५० अक्षांशावर ते पूर्वींपेक्षां सुमारें नऊ दिवस उशिरां निजतात. हिवाळा लांबणीवर पडूं लागला, तसा डांस पिढ्यांमागून पिढ्या बदलत गेला. डांसाच्या पिढ्या भराभर होतात, त्याला तें साधलें. कुंडींतल्या एकट्या झाडाला तें कसें साधावें?

राहिला प्रश्न आमच्या बाईचा. जागें झालेलें झाड पुन्हां थंडींत कोंबलें तर कोंवळा कोंब कुजतो. तेव्हां यंदांची झोप गेली ती गेलीच. आतां तिचा सांठा वांचविणें, म्हणजे कळी खुडणें, एवढेंच हातीं होतें. कात्री घेऊन वर गेलों, तर कुटुंब आडवें आलें. "उमलायच्या आधीं खुडायची? गेल्या वर्षीं एवढें मिरवलेंत तें?" त्याला उत्तर नव्हतें. मीं मुकाट्यानें दोन्ही पानें शेजारीं शेजारीं धरून दाखविलीं, आणलें त्या वेळचें वाळकें आणि यंदांचें. तिनें पाहिलें आणि कात्री माझ्या हातून घेऊन स्वतःच कळी कापली. देव्हाऱ्यांत ती ठेवावी असें तिला वाटलें नाहीं. पण टाकलीहि नाहीं. पाण्याच्या पेल्यांत घालून खिडकींत ठेविली.

पुढच्या वर्षासाठीं उपाय आहे. दिवाळी उलटली कीं ऊन-पाणी संभाळून झाड निजण्याच्या बेतांत आणावयाचें. मग घट छाटून, खोड धुऊन, ओल्या शेवाळांत गुंडाळून तीन महिने फ्रीजमध्यें ठेवावयाचें. तेथें चार अंश असतात, म्हणजे आमच्या घरांत कॅरोलायना आहे ती तेवढीच. हा प्रस्ताव मांडतांच व्हावयाचें तें झालें. "भाजीच्या कप्प्यांत? मेथी-कोथिंबिरीशेजारीं ती माशा गिळलेली?" मीं निवेदन केलें कीं, जातील तीं केवळ मुळें, गिळणारा भाग आधींच कापलेला असेल. बराच वेळ शांतता होती. मग निकाल मिळाला, "मार्गशीर्षांतल्या पहिल्या गुरुवारीं मी फ्रीज धुऊन काढतें. त्यानंतर ठेवा. आणि डब्यांत घालून, झांकण लावून."

नातीला मीं सविस्तर पत्र लिहिलें. फोनवर सांगण्याचा धीर झाला नाहीं. गेल्या वर्षींचें फूल हें माझ्या हाताचा गुण नसून झाडाची उपासमार होती, दोन दिवस मीं तें तहानलेलेंहि ठेविलें, आणि यंदांची कळी कापली आहे, हें सर्व लिहिलें. आठ दिवसांनीं तिचें उत्तर आलें. रागावलेली दिसली नाहीं. "आजोबा, आतां फुलाचा नको, नवीन पान उघडेल त्याचा फोटो पाठवा," इतकेंच त्यांत या विषयीं होतें. बाकी परीक्षेचें वेळापत्रक.

रोज सकाळीं मी मोजपट्टी घेऊन वर जातों. मानेंत वांकलेलें तें पान गेलें. दुसरें आज सात इंच झालें आहे. झांकण अजून मिटलेलें आहे, आणि कांठावर एक काळी मुंगी दोनदां येऊन परत गेली.